घरी काडतुसं भरून पैसे वाचतात का? मुंबईत नेमबाजी सुरू करणाऱ्यांसाठी खर्चाचा सरळ हिशोब

पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये आपल्या राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ आणलं आणि तेव्हापासून ओळखीतल्या निदान चार घरांतून मला एकच फोन येतोय, की मुलाला किंवा मुलीला शूटिंगला घालायचंय, खर्च किती, आणि त्यातले जे जरा यूट्यूब बघून येतात ते हमखास विचारतात की परदेशात लोक घरीच काडतुसं रिलोड करतात तसं आपण केलं तर स्वस्त पडेल ना? प्रश्न चुकीचा नाही, कारण या खेळात पैसा खरंच गोळीगोळीने जातो. पण उत्तर मुंबईत बसून वेगळं आहे, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. मी वरळीच्या रेंजवर एअर रायफलपासून सुरुवात केली आणि अजूनही मारतो, त्यामुळे जे सांगतोय ते वापरातलं आहे.

१. आधी रिलोडिंगचा विषय संपवू

काडतुसाचे चार भाग असतात. केस म्हणजे पितळी नळकांडं, तळाशी प्रायमर म्हणजे दारूला पेट देणारी छोटी टोपी, आत दारू आणि पुढे शिशाची गोळी. यातली केस महाग असते आणि ती गोळी सुटल्यावर शाबूत राहते, म्हणून ज्या देशांत परवानगी आहे तिथे लोक केस जपून ठेवतात आणि बाकीचे तीन भाग नवे भरतात. दर गोळीमागे पैसे वाचतात हे खरं, पण प्रेस, डाय ही भरायची यंत्रं-साचे, बारीक वजनकाटा हे सगळं आधी विकत घ्यावं लागतं आणि ते वसूल व्हायला खूप गोळ्या माराव्या लागतात. तिकडचेही बरेच लोक कबूल करतात की गोळी स्वस्त पडली म्हणून आम्ही जास्त मारायला लागलो, महिन्याचा खर्च होता तिथेच राहिला.

आता आपल्याकडचं. शस्त्र कायदा १९५९ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो आणि घरात रायफलचा किंवा पिस्तूलचा परवाना आहे म्हणून काडतूस भरायचा हक्क आपोआप मिळत नाही. कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा धरलेली आहेत, म्हणजे 'मी फक्त मशीन आणून ठेवलंय, अजून काही भरलं नाही' हे म्हणणं चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं आहे आणि जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. त्यात आपण राहतो बिल्डिंगमध्ये, खालीवर शेजारी, एका भिंतीपलीकडे कुणाचं तरी देवघर नाहीतर गॅस सिलिंडर. अशा घरात दारू आणि प्रायमर आणून ठेवणं हा विचारच मनातून काढून टाका, परवडतं का हा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे.

अजून एक गोष्ट जी व्हिडिओ बघणाऱ्यांना माहीत नसते. आपल्याकडे खेळाडू ज्या काडतुसावर वाढतात ते म्हणजे पॉइंट टू टू, स्वप्नीलची ५० मीटर थ्री पोझिशन त्याच्यावरच होते. हे काडतूस रिमफायर असतं. यात प्रायमर वेगळा बसवलेला नसतो, मसाला केसच्या तळाच्या कडेत भरलेला असतो आणि गोळी मारताना बंदुकीतली फायरिंग पिन आदळून ती कडच चेपून टाकते. त्यामुळे ते काडतूस एकदा वापरलं की संपलं, परत भरायच्या कामाचं राहत नाही. म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या कामाच्या काडतुसाला रिलोडिंग लागूच होत नाही. बारा बोअरवाल्यांचं, म्हणजे शॉटगनवाल्यांचं गणित वेगळं, पण ट्रॅप-स्कीटने (उडत्या तबकड्यांवर शॉटगन मारायच्या प्रकाराने) सुरुवात करणारा नवशिका मुंबईत मी अजून पाहिला नाही.

तर मग वाचवायचं कुठे? वाचवायला भरपूर जागा आहे, पण ती १० मीटर एअरच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफल-पिस्तूलच्या खेळात आहे आणि तुम्ही सुरुवात तिथूनच करणार आहात.

२. परवाना नाही, पण कागद हवेत

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० जूलच्या आतली एअर रायफल किंवा एअर पिस्तूल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. मॅचच्या एअर रायफलची ताकद साडेसात जूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. पण काही विक्रेते पॉइंट टू टू बोअरची एअरगन 'चालते हो साहेब' म्हणून गळ्यात मारतात, ती घेऊ नका. बोअर मोठा झाला की परवान्याचा विषय येतो आणि तसंही ती स्पर्धेत वापरता येत नाही.

क्लबला जाताना एवढी फाईल तयार ठेवा:

- आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा
- जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, वयोगट ठरवायला लागतो
- पासपोर्ट साइज फोटो, जरा जास्तच काढून ठेवा
- मुलगा-मुलगी अठराच्या आत असेल तर आईवडिलांचं संमतीपत्र
- काही ठिकाणी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट मागतात, काही ठिकाणी पोलिसांचं चारित्र्य पडताळणी पत्र

शेवटच्या दोन गोष्टी क्लबनुसार बदलतात, फोन करून आधी विचारा, नाहीतर लोकलने तासभर येऊन परत जावं लागतं. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलकडे ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, बाकी ठाणे-डोंबिवलीकडे छोट्या खासगी १० मीटर रेंज निघाल्यात. निवडताना मी एकच गोष्ट बघायला सांगतो, घरापासूनचा वेळ. नाव मोठं म्हणून लांबची रेंज धरली आणि महिन्यात चारदाच जाणं झालं तर फी भरूनही हातात काही येत नाही.

३. पहिले काही महिने काहीही विकत घेऊ नका

हे मी आईवडिलांना हात जोडून सांगतो. क्लबची रायफल किंवा पिस्तूल वापरा. मूल वाढतंय, आज बसवलेला बट म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा भाग सहा महिन्यांनी आखूड होतो, आणि मुख्य म्हणजे रायफल की पिस्तूल हे अजून ठरलेलं नसतं. दोन्हीच्या खर्चात मोठा फरक आहे. रायफलला जॅकेट, ट्राउजर, बूट, ग्लोव्ह सगळं लागतं आणि त्या जॅकेटचं कापड अडीच मिलिमीटरपेक्षा जाड असून चालत नाही, कडकपणाही मशीनवर मोजतात. पिस्तूलला जॅकेट नाही, साधे बूट आणि हाताला बसणारी ग्रिप एवढ्यावर गाडी निघते. पैशाची ओढाताण असेल आणि मुलाला दोन्ही सारखंच आवडत असेल तर पिस्तूल धरा, असं मी तरी सांगेन.

सेकंडहँड घेताना मोठा सापळा म्हणजे सिलिंडर. मॅचच्या रायफलला खाली हवेची टाकी असते, २०० किंवा ३०० बार दाबाला भरलेली, आणि त्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. साधारण दहा वर्षांनी तिची मुदत संपते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, ती जबाबदारी खेळाडूची असते. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अन्शुट्झ अशी चांगल्या नावाची रायफल कुणी स्वस्तात देत असेल तर आधी टॉर्च मारून ते साल वाचा. मुदत संपत आली असेल तर नवीन सिलिंडरची किंमत त्या 'स्वस्त' किमतीत मिळवा आणि मग बोला. सोबत मूळ बिल मागा, बिल नाही तर सौदा नाही.

४. पेलेटचा हिशोब कसा मांडायचा

एका मॅचला ६० शॉट असतात, त्याच्या आधी साइटर, म्हणजे नेम जुळवायला मारलेले, गुण न धरले जाणारे शॉट. म्हणजे पूर्ण सेशन धरलं तर साधारण ८० पेलेट म्हणजे एअरगनच्या छोट्या शिशाच्या गोळ्या उडतात. पेलेटचा डबा ५०० चा येतो. आठवड्याला चार सेशन धरा, महिन्याला सोळा, १२८० पेलेट, म्हणजे अडीच डबे. हिशोबाला सोपं जावं म्हणून समजा डबा हजार रुपयांचा आहे, तर अडीच हजार नुसते पेलेटला गेले, लेनची (रेंजवर उभं राहून मारायच्या जागेची) फी आणि टार्गेटचा कागद वेगळा. तुमच्या दुकानातला खरा भाव टाकून हाच हिशोब घरी करा.

आता याच चारातले दोन सेशन घरी ड्राय केले, म्हणजे पेलेट न घालता नुसतं एम (नेम धरणं) आणि ट्रिगर, आणि उरलेल्या दोन सेशनमध्ये ८० च्या जागी ६० मारले, तर महिन्याला ४८० होतात. एक डबा, त्यातही वीस शिल्लक. अडीच डब्यांवरून एका डब्यावर आलात आणि आठवड्याला दोन दिवसांचं लेनचं भाडं, लोकलचा प्रवास, सगळं वाचलं. कुठल्याही रिलोडिंगने एवढी बचत होत नाही हो, आणि माझ्या मते खेळसुद्धा यानेच जास्त सुधारतो, कारण गोळी सुटत नसली की लक्ष गुणांवरून उठून ट्रिगरवर येतं.

५. घरी ड्राय प्रॅक्टिस कशी करायची

मुंबईच्या फ्लॅटमध्ये दहा मीटर मिळत नाहीत, किचनच्या खिडकीपासून बेडरूमच्या दारापर्यंत मोजलं तरी बहुतेकांचे सहा-सात भरतात. ड्रायला तेवढे लागतही नाहीत. पाच मीटरवर भिंतीला निम्म्या आकाराचं टार्गेट चिकटवा, रायफलसाठी मधला बिंदू जमिनीपासून साधारण १४० सेंटीमीटरवर ठेवा, म्हणजे उंची रेंजसारखीच येते. किंवा सरळ पांढऱ्या भिंतीकडे बघून करा. टार्गेट नसलं की फोरसाइट म्हणजे नळीच्या टोकाकडची साइट ट्रिगर दाबताना किती हलतेय ते एकदम स्वच्छ दिसतं, पिस्तूलवाल्यांना तर याच्याइतका चांगला सराव नाही.

नियम मात्र पाळायचेच. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत. रायफल रिकामी आहे हे आधी स्वतः बघा, मग घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. नळी दाराकडे किंवा खिडकीकडे नको, मागे पक्की भिंत हवी. आणि सराव चालू असताना लहान मूल त्या खोलीत येणार नाही याची सोय करूनच सुरू करा.

इथे एक महत्त्वाचं. मॅचच्या बऱ्याच रायफल आणि पिस्तूलमध्ये ड्राय फायरची वेगळी सोय असते, त्यात हवासुद्धा खर्च होत नाही. पण स्प्रिंगवाली, नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायची एअरगन रिकामी मारू नका. पेलेट नसलं की पिस्टनपुढे हवेची गादी नीट तयार होत नाही आणि तो जाऊन थेट आदळतो, सील आणि स्प्रिंग दोन्हीचा निकाल लागतो. वाचवायला गेलात पेलेट आणि बिल आलं रिपेअरिंगचं.

आणि कृपा करून गॅलरीत, गच्चीवर, सोसायटीच्या मागच्या पॅसेजमध्ये खरे पेलेट मारू नका. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं होत नाही, पेलेट भिंतीवरून उसळून कुणाच्या डोळ्याला लागलं तर डोळा जातो.

६. कुठला पेलेट घ्यायचा

मॅचला सपाट तोंडाचे, वॉडकटर पेलेट लागतात, कारण ते कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात आणि गुण नीट वाचता येतात. टोकदार घेऊ नका. रायफलला साधारण ०.५३ ग्रॅमचे चालतात, पिस्तूलला थोडे हलके. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, तो पेलेटच्या डोक्याचा व्यास, आणि कुठल्या नळीला कुठला बसेल हे मारूनच कळतं.

आता पैसे जातात कुठे ते बघा. आरडब्ल्यूएस आर टेन, एच अँड एन फिनाले मॅच असे वरचे डबे महाग असतात, आणि दुकानात शेजारी उभा असलेला कुणीतरी सांगतो की चॅम्पियन हेच वापरतात. बरोबर आहे, वापरतात. पण रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, नऊची रिंग साडेपाच मिलिमीटर, सातची साडेपंधरा. तुमचे शॉट अजून सातच्या रिंगभर पसरत असतील तर साध्या क्लबच्या पेलेटमुळे पडणारा मिलिमीटरभराचा फरक त्या पसाऱ्यात दिसणारसुद्धा नाही. पिस्तूलला तर दहाची रिंगच साडेअकरा मिलिमीटरची आहे, तिथे हा फरक कळायला अजून जास्त काळ जातो. म्हणून सरावाला साधा डबा, आणि ग्रुप घट्ट व्हायला लागला, म्हणजे शॉट जवळजवळ पडायला लागले की मॅचसाठी चांगला डबा. डब्याच्या मागे बॅच नंबर असतो. जो बॅच तुमच्या नळीला मानवला त्याचेच चार-पाच डबे क्लबातल्या दोघातिघांनी मिळून एकदम घ्या, दुकानदार थोडं कमी करतो आणि मोसमभर झिरो म्हणजे साइटची जुळणी बदलावी लागत नाही.

नवीन डबा उघडलात की वीस-पंचवीस पेलेट काचेवर किंवा स्टीलच्या ताटलीवर उभे करून बघा. मागचा घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो कागदासारखा पातळ असतो आणि डबा खाली पडला की चेपतो. चेपलेला पेलेट ताटलीवर कलतो, नखाने हलकं ढकललं की गोल न फिरता अडखळतो. असे बाजूला काढा, फेकू नका, सेशनच्या सुरुवातीला नळी गरम करायला म्हणून जे चार शॉट मारतो त्यात ते खपतात. आणि डबा पिशवीत मोकळा टाकून लोकलमध्ये चढू नका, सकाळच्या गर्दीत तो दाबला जातोच. कपड्यात गुंडाळून टिफिनच्या डब्यात ठेवा, मात्र तो टिफिन मग जेवणाला परत वापरायचा नाही.

७. मुंबईची हवा

पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. कागदी टार्गेट ओलसर होऊन मऊ पडतं, भोकाच्या कडा फाटतात आणि ९ की १० यावरून वाद सुरू होतो. टार्गेटचा गठ्ठा प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. दुसरं, उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरी पूड चढते. असे पेलेट नळी खराब करतात. एका वेळी एकच डबा उघडा, झाकण घट्ट, बस्स. वरळी-दादर असं समुद्राजवळ राहत असाल तर रायफलच्या लोखंडी भागांवरून सेशननंतर कापड फिरवायची सवय लावून घ्या, खारी हवा गंज लवकर आणते.

सिलिंडर भरायचा तर क्लबमध्येच भरा. हातपंपाने जुलैमधली दमट हवा आत गेली की आत पाणी साठतं. भरताना व्हॉल्व्ह सावकाश उघडा, सिलिंडर हाताला गरम लागला तर थांबा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी ऑक्सिजनच्या सिलिंडरमधून कधीच भरायचा नाही. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि आतलं तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो.

८. वापरलेले पेलेट परत वापरता येतात का

हा रिलोडिंगचाच धाकटा प्रश्न, आणि मुलं हमखास विचारतात. नाही. पेलेट ट्रॅपच्या पत्र्यावर आदळून चपटं होतं, ते परत नळीत घालणं म्हणजे रायफलींग, नळीच्या आतले पिळाचे खाचे, खराब करणं. दुसरी कल्पना येते शिसं वितळवून साच्यात ओतायची. घरी तर अजिबात नाही. शिशाची पूड आणि वाफ अंगात जाते, साठत राहते आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, ज्या गॅसवर दूध तापतं त्याच्यावर हे करायचं नसतं. आणि हातओतीव पेलेट फॅक्टरीतल्या पेलेटसारखा सारख्या वजनाचा होत नाही, म्हणजे ज्यासाठी एवढं केलं ते गुणही मिळत नाहीत.

शिशाबद्दल अजून सांगायचं तर लोड करताना सोयीचं म्हणून पेलेट ओठात धरणारी मुलं मी बघतो, कोच ओरडतात तरी. पालकांनी लक्ष ठेवा. रेंजवर वडापाव, चिप्स काही खायचं नाही, आणि निघताना साबण लावून हात धुवायचे, मग गाडीत बसून खाऊ दे. बोटांना जो करडा डाग लागतो ना, तेच शिसं आहे.

९. रेंजवर गोळी वाया जाते ती अशी

नवीन मुलं तासात दीडशे मारून येतात आणि घरी सांगतात की आज भरपूर सराव झाला. मॅचमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटला ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे दर शॉटला सव्वा मिनिट. सरावातही तेवढाच वेळ घ्या. प्रत्येक शॉट झाला की स्क्रीन बघायच्या आधी मनात म्हणा की हा कुठे गेला असेल, उजवीकडे आठ, वर नऊ, आणि मग बघा. एम दहा-बारा सेकंदांत जमली नाही तर रायफल खाली घ्या, श्वास घ्या, परत उचला. तो न मारलेला शॉट म्हणजे वाचलेला पेलेट आणि वाचलेली वाईट सवय. वहीत रोजचं लिहा: कुठला डबा, किती मारले, किती ड्राय केले, पहिल्या दहाचा आणि शेवटच्या दहाचा स्कोअर. शेवटचे दहा सतत खाली येत असतील तर तुम्ही दमल्यावरही मारत बसताय, सेशन वीस शॉटने कमी करा. महिनाअखेरीस याच वहीवरून पुढच्या महिन्याला डबा एक घ्यायचा की दोन ते ठरवा.

१०. ने-आण करताना

एअर रायफल कडक केसमध्ये, कुलूप लावून, बिलाची झेरॉक्स आणि क्लबचं ओळखपत्र केसच्या आतच ठेवलेलं. स्टेशनवर बॅग तपासणीला थांबवलं तर स्वतःहून सांगा की स्पोर्ट्स एअर रायफल आहे, कागद दाखवा, पण केस तिथे उघडून रायफल बाहेर काढून दाखवू नका, बाजूच्या चौकीत चला म्हणा. एअर पिस्तूलच्या बाबतीत जास्त काळजी घ्या, लांबून ते खऱ्या पिस्तूलसारखंच दिसतं आणि गर्दीत कुणीही घाबरू शकतं. विमानाने स्पर्धेला जाणार असाल तर एअरलाइनला आधी कळवा, सामान चेक-इनमध्येच जातं आणि सिलिंडर रिकामा करून न्यायचा की कसा हे तिकीट काढायच्या आधीच विचारून घ्या, विमानतळावर उभं राहून नाही.